सैनिकाच्या हातातला कागद

जोसेफ प्लम्ब मार्टिन पंधरा वर्षांचा असताना अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पहिल्यांदा भरती झाला. १७८३ साली सैन्य मोडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा सार्जंट होता. घरी जाताना त्याच्या हातात रोख पगार पडला नाही. पडले ते सरकारी कागद. तुमचे इतके डॉलर आम्ही देणं लागतो, पुढे देऊ, असं लिहिलेले. मार्टिननं त्यातले काही कागद विकले आणि आलेल्या पैशात अंगावर घालायला धड कपडे घेतले. म्हातारपणी ही गोष्ट त्यानं स्वतःच लिहून ठेवली आहे.

साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला पावणेसात डॉलरच्या आतच होता. म्हणजे शंभर डॉलरचा कागद ही पंधरा महिन्यांची कमाई. बाजारात हाच कागद पुढच्या वर्षांत पंधरा-वीस डॉलरला जात होता. विकत घेणाऱ्याला तो मातीमोलच मिळे, पण त्यालाही खात्री नसे की या कागदाचे पैसे कधी हाती येतील.

सात वर्षांनी, १७९० मध्ये, नव्या राज्यघटनेखाली निवडून आलेल्या पहिल्या काँग्रेसनं या कागदांचं काय करायचं ते ठरवलं. (आपल्याकडे काँग्रेस म्हटलं की पक्ष आठवतो. इथे काँग्रेस म्हणजे अमेरिकेचं कायदेमंडळ, म्हणजे त्यांची संसद.) त्या निर्णयानं अमेरिकेची पत उभी राहिली, हे अर्थशास्त्र शिकवणारे सगळेच सांगतात. मला तो निर्णय मार्टिनच्या बाजूनं उलगडून बघावासा वाटतो. तसं पाहिलं की त्यातली गुंतागुंत जास्त नीट कळते आणि त्यात काय राहून गेलं तेही दिसतं.

आडातच नव्हतं

युद्ध चालवणाऱ्या जुन्या काँग्रेसची अडचण एका वाक्यात सांगता येते. तिला खर्च करायचा अधिकार होता, कर लावायचा नव्हता. ज्या लोकांनी ब्रिटिश संसदेच्या करांविरुद्ध बंड पुकारलं होतं, ते आपल्याच नव्या मध्यवर्ती सभेच्या हाती करांची किल्ली द्यायला तयार नव्हते. कर लावायचे ते राज्यांनी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग काँग्रेसनं नोटा छापल्या. जून १७७५ मध्ये सुरुवात झाली आणि १७७९ संपेपर्यंत सुमारे २० कोटी डॉलरच्या नोटा बाहेर पडल्या. त्यांच्यामागे सोनं नव्हतं, चांदी नव्हती, कराचं उत्पन्नही नव्हतं. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनं स्वतःच कबूल केलं की आपल्या चाळीस कागदी डॉलरना चांदीचा एक डॉलर, हाच आता भाव. ‘कॉन्टिनेंटल’ हे या नोटांचं नाव. कवडीमोल वस्तूला ‘कॉन्टिनेंटलच्याही किमतीची नाही’ म्हणायची पद्धत तिकडे त्यातूनच पडली.

नोटा चालेनाशा झाल्या तशी कर्जाची इतर दारं ठोठावली गेली. फ्रान्सच्या राजानं पैसे दिले. हॉलंडच्या सावकारांनी दिले. देशातल्या पैसेवाल्यांनी सरकारी रोखे घेतले. शेतकऱ्यांकडून धान्य, घोडे, बैलगाड्या उचलून त्यांच्या हातात पावत्या ठेवल्या गेल्या. सैनिकांना पगाराचे कागद दिले. शिवाय तेराही राज्यांनी आपापल्या नावावर वेगळी कर्जं काढली. ही सगळी कर्जं एका हिशेबात नव्हती. कुणाच्या नावावर किती, याचीसुद्धा धड नोंद नव्हती.

१७८१ पासून जी व्यवस्था आली तिच्यात काँग्रेस राज्यांकडे पैशाची मागणी करू शकत होती, वसूल करू शकत नव्हती. राज्यं सवडीनं थोडंफार देत किंवा देतच नसत. आयात मालावर सरसकट पाच टक्के जकात बसवू द्या, एवढं तरी, असा प्रस्ताव पुढे आला. पण त्याला तेराही राज्यांची संमती हवी होती. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि प्रस्ताव मेला. १७८३ मध्ये पुन्हा मांडला, तो न्यूयॉर्कनं अडवला. न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरणाऱ्या मालाची जकात राज्याच्या तिजोरीत जात होती, ती ते का सोडतील?

जून १७८३ मध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या बैठकीची इमारत वेढली. काँग्रेसला शहर सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं. १७८५ पासून फ्रान्सचं व्याज थांबलं, १७८७ मध्ये मुद्दलाचे हप्तेही चुकले. मॅसॅच्युसेट्स राज्यानं मात्र आपलं युद्धकर्ज फेडायचंच ठरवलं आणि त्यासाठी शेतकऱ्यांवर एवढे जड कर लादले की १७८६ मध्ये तिथे बंड झालं. त्याचा म्होरक्या डॅनियल शेज हा स्वतः त्याच युद्धात कॅप्टन होता. म्हणजे कर्ज न फेडून एक संकट आणि फेडायला जाऊन दुसरं.

१७८७ ची राज्यघटना बऱ्याच अंशी या अनुभवातून आली. तिनं काँग्रेसला कर लावायचा अधिकार दिला आणि तो देतानाच कर्जफेड हा त्याचा एक हेतू म्हणून लिहिला. आधीच्या सरकारची कर्जं नव्या सरकारवरही बंधनकारक राहतील, हेही नोंदवलं. त्याबरोबर दोन कुलुपं घातली. उत्पन्न उभारणारं विधेयक प्रतिनिधीगृहातच, म्हणजे थेट लोकांनी निवडलेल्या सभागृहातच सुरू व्हायला हवं. आणि कायद्यानं मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून एक पैसाही बाहेर काढता येणार नाही.

आधी जकात

नव्या काँग्रेसची पहिली बैठक ४ मार्च १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये भरायची होती. त्या दिवशी कामकाज सुरू करण्यापुरतेही सदस्य हजर नव्हते. रस्ते चिखलाचे, अंतरं मोठी. प्रतिनिधीगृहाची गणपूर्ती १ एप्रिलला झाली, सिनेटची ६ एप्रिलला. आणि ८ एप्रिलला, जॉर्ज वॉशिंग्टनचा राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी व्हायच्याही आधी, व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसननं उभं राहून आयात जकातीचा प्रस्ताव मांडला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कर्जाचं काय करायचं ही चर्चा नंतर. आधी घरात पैसा येईल अशी वाट पाडली. मॅडिसनची घाई याचसाठी होती की वसंतातली युरोपहून येणारी जहाजं बंदरात लागायची वेळ झाली होती. त्यांच्यावरची जकात बुडू नये म्हणून साधा, तात्पुरता कायदा पटकन करू या, असं त्याचं म्हणणं होतं. तसं झालं नाही. एकेका वस्तूवर वाद झाले. मळीचंच बघा. मॅसॅच्युसेट्सचे लोक वेस्ट इंडीज बेटांवरून उसाची मळी आणून तिची रम करत. मळीवर जकात म्हणजे त्यांच्या धंद्याच्या मुळावर घाव. भांडून भांडून तो दर शेवटी गॅलनला अडीच सेंटवर आला. मिठावर बुशेलला (मापून द्यायच्या मालाचं तिकडचं एक माप) सहा सेंट लागले. बाकी बहुतेक मालावर किमतीच्या पाच टक्के.

हिंदुस्थानचा उल्लेखही या कायद्यात आहे. चीन आणि हिंदुस्थानातून येणारा चहा अमेरिकी जहाजातून आला तर कमी जकात, परक्या जहाजातून आला तर जास्त. चहा सोडून या दोन देशांतला इतर माल परक्या जहाजातून आला तर साडेबारा टक्के. म्हणजे एकाच कायद्यात उत्पन्नही साधायचं आणि आपल्या जहाजवाल्यांना संरक्षणही द्यायचं.

४ जुलै १७८९ ला वॉशिंग्टननं त्यावर सही केली आणि १ ऑगस्टपासून तो लागू झाला. वसंतातली जहाजं माल उतरवून कधीच मोकळी झाली होती. तरीही जी गोष्ट आधीच्या सभेला आठ वर्षांत जमली नव्हती ती या सभेनं तीन महिन्यांत केली. पुढची कित्येक वर्षं अमेरिकी सरकारच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग या जकातीतूनच आला.

२ सप्टेंबरला तिजोरी खातं उभं करणारा कायदा झाला. तो वाचताना काँग्रेसच्या मनातली धास्ती जाणवते. पैसे एकाच माणसाच्या हाती राहू नयेत म्हणून सचिव वेगळा, हिशेब तपासणारा वेगळा, पैसे सांभाळणारा खजिनदार वेगळा, नोंदी ठेवणारा वेगळा. खात्यातल्या कुणीही व्यापार करायचा नाही, जहाजाची मालकी ठेवायची नाही, सरकारी जमीन घ्यायची नाही, सरकारी रोख्यांच्या खरेदी-विक्रीत पडायचं नाही. मोडलं तर तीन हजार डॉलर दंड, आणि त्यातला अर्धा भाग चुगली करणाऱ्याला. नियम कडक होता. पण तो खात्यातल्या अधिकाऱ्यांना होता, कायदे करणाऱ्या सदस्यांना नव्हता, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे स्वतःचे रोखे होते. हे लक्षात ठेवा.

२९ सप्टेंबरला पहिला खर्चमंजुरीचा कायदा झाला. आजच्या अंदाजपत्रकांचे जाडजूड खंड पाहिलेल्या माणसाला तो बघून आश्चर्य वाटेल. त्यात चारच रकमा आहेत. नागरी कारभाराला २ लाख १६ हजार डॉलर, युद्धखात्याला १ लाख ३७ हजार, आधीच्या तिजोरी मंडळानं काढलेल्या देयकांना १ लाख ९० हजार, आणि युद्धात जायबंदी झालेल्यांच्या पेन्शनला ९६ हजार. एकूण ६ लाख ३९ हजार. संपला कायदा.

हॅमिल्टनचा अहवाल

तिजोरी खात्याचा पहिला सचिव अलेक्झांडर हॅमिल्टन. प्रतिनिधीगृहानं त्याला सांगितलं की सार्वजनिक पत कशी सावरायची याचा आराखडा दे. तो १४ जानेवारी १७९० ला सभागृहात वाचला गेला. हॅमिल्टनला स्वतः येऊन समजावून सांगायचं होतं, पण सभागृहानं सांगितलं, जे काय असेल ते लेखी द्या. मंत्र्याच्या बोलण्याचा आपल्यावर प्रभाव पडेल, अशी त्यांना भीती होती.

अहवालातले आकडे असे. परदेशी कर्ज, थकलेल्या व्याजासह, सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर. देशांतर्गत कर्ज सुमारे ४ कोटी ४ लाख, त्यातले तब्बल १ कोटी ३० लाख नुसतं थकलेलं व्याज. शिवाय ज्यांचा हिशेबच लागला नव्हता अशी देणी अंदाजे २० लाख. आणि राज्यांची स्वतःची कर्जं अंदाजे अडीच कोटी. राज्यांची कर्जं धरून सगळ्यावर ठरल्या दरानं व्याज द्यायचं तर वर्षाला सुमारे ४५ लाख ८७ हजार डॉलर लागले असते. सरकार तेवढं कमावूच शकत नव्हतं.

हॅमिल्टनचं म्हणणं थोडक्यात असं होतं की मुद्दल आत्ता फेडायचं नाही. जुने सगळे फाटके-तुटके कागद परत घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात नवे, एकसारखे रोखे द्यायचे. व्याजाचा दर थोडा कमी करायचा, पण ते व्याज दर तिमाहीला न चुकता मिळेल आणि त्यासाठी जकातीचं उत्पन्न कायद्यानं बांधून ठेवलेलं असेल. आपल्या भाषेत सांगायचं तर थकलेल्या दहा उसनवाऱ्या एकत्र करून एक नवं कर्ज बांधून घेणं, आणि हप्त्यासाठी शेताचं ठरावीक उत्पन्न वेगळं काढणं.

यातून पत कशी येते? ज्या कागदावर दर तीन महिन्यांनी व्याज हमखास मिळतं तो कागद कुणीही घ्यायला तयार होतो. कुणीही घेतो म्हटल्यावर तो जवळजवळ पैशासारखाच चालतो. व्यापारी त्यावर व्यवहार करतात, सरकारला पुढच्या वेळी कमी व्याजानं कर्ज मिळतं. हॅमिल्टननं या कर्जाला स्वातंत्र्याची किंमत म्हटलं होतं. पण त्याच अहवालात त्यानं हेही बजावलं होतं की कर्ज काढताना ते फेडायची तजवीज त्याच वेळी केलेली असावी. हे दुसरं वाक्य त्याचं नाव घेणारे बरेचदा विसरतात.

कागद कुणाचा?

आता मार्टिनकडे परत येऊ. नव्या रोख्यांच्या बदल्यात जुने कागद घ्यायचे, पण कुणाकडून? ज्यानं बंदूक धरली त्याच्याकडून, की ज्याच्या हातात आज कागद आहे त्याच्याकडून?

अहवाल येण्याच्या सुमारास कागदांचा भाव चढू लागला होता. न्यूयॉर्कमध्ये बातमी आधी कळे. दक्षिणेतल्या खेड्यांत ती पोचायला आठवडे लागत. या मधल्या आठवड्यांतच पैसा होता. जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन जानेवारीच्या अखेरीस सभागृहात संतापून म्हणाला की पंधरवड्यात या बंदरातून तीन जहाजं सट्ट्याचा पैसा भरून दक्षिणेकडे निघाली आहेत. पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले यानं आपल्या रोजनिशीत एका प्रतिनिधीचं नाव घेऊन लिहिलं की त्यानंही कागद गोळा करायला दोन छोटी जहाजं धाडली आहेत. (सिनेटचं कामकाज तेव्हा बंद दाराआड चाले. आत काय घडलं याचं बरंचसं ज्ञान आपल्याला या मॅक्लेच्या रोजनिशीमुळेच होतं.) आपला कागद उद्या सोन्याचा होणार आहे हे माहीत नसलेली सैनिकाची विधवा तो पंधरा-वीस डॉलरला देऊन टाकत होती आणि घेणाऱ्याला ते माहीत होतं.

११ फेब्रुवारीला मॅडिसननं मध्यममार्ग सुचवला. ज्याच्या हातात आज कागद आहे त्याला बाजारातला सर्वात चढा भाव द्या. उरलेली रक्कम ज्याला कागद मुळात दिला होता त्याला द्या. शंभरच्या कागदाचा सर्वात चढा भाव पन्नास असेल, तर पन्नास घेणाऱ्याला, पन्नास सैनिकाला. ऐकायला हे इतकं सरळ आणि न्याय्य वाटतं की पहिल्या वाचनात मला दुसरी बाजू सुचलीच नव्हती.

पण दुसरी बाजू भक्कम होती. हे कागद देतानाच ते दुसऱ्याला विकता येतील असे दिले होते. ज्यानं विकत घेतले त्यानं धोका पत्करून घेतले, सरकार पैसे देईल यावर ज्याचा विश्वास होता त्यानंच ते घेतले. आता मागे वळून सरकार म्हणालं की तुझी खरेदी आम्हाला अर्धीच मान्य, तर उद्या सरकारचा कुठलाही कागद कुणी पूर्ण भावानं घेणार नाही, आणि उद्याच्या सैनिकाचा कागद आणखी स्वस्त विकला जाईल. शिवाय व्यवहाराची अडचण. मूळ मालक शोधायचे कसे? कित्येक कागद अधिकाऱ्यांच्या नावावर निघाले होते आणि त्यांनी ते पुढे वाटले होते. किती हात बदलले याच्या नोंदी नव्हत्या. आणि मॅडिसन स्वतःच १७८३ मध्ये अशा भेदाच्या विरोधात होता, हेही त्याला ऐकवलं गेलं.

२२ फेब्रुवारीला मतदान झालं. मॅडिसनच्या बाजूनं १३, विरुद्ध ३६.

मी या मतदानाचा बराच विचार केला आहे. कागदाच्या आजच्या मालकाला पूर्ण मान्यता देणं, हे सरकारची पत राखण्याच्या दृष्टीनं बरोबर होतं असंच मला वाटतं. पण त्यावरून सैनिकाचं देणं फिटलं असा अर्थ निघत नाही. काँग्रेसला रोखेधारकांना पूर्ण मान्यता देऊन सैनिकांसाठी वेगळी तरतूद करता आली असती. ती १७९० मध्ये झाली नाही. सैनिकानं कागद विकला तो हौसेनं नाही, अंगावर कपडे नव्हते म्हणून विकला. आणि कपडे का नव्हते? ज्या सरकारनं त्याला पगार दिला नाही त्याच सरकारमुळे.

राज्यांची कर्जं आणि एक जेवण

दुसरं भांडण राज्यांच्या अडीच कोटींचं. हॅमिल्टनला तीही केंद्रानं उचलायला हवी होती. युद्ध सगळ्यांसाठी होतं, म्हणून खर्चही सगळ्यांचा, हे एक कारण. दुसरं असं की घटनेनं राज्यांकडून आयात जकात काढून घेतली होती. आता राज्यांनी आपलं कर्ज फेडायला कर लावायचे आणि केंद्रानं आपलं, तर एकाच माणसाच्या खिशावर दोन हात पडणार. तिसरं, त्याच्या मनातलं सर्वात मोठं कारण म्हणजे सगळे सावकार एकाच सरकारकडे बघू लागले की ते सरकार टिकावं असं त्या सगळ्यांना वाटेल.

मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलिना डोक्यापर्यंत कर्जात होते, त्यांना हे हवंच होतं. व्हर्जिनियानं मात्र आपल्या कर्जाचा मोठा भाग फेडून टाकला होता. आम्ही कर भरून आपलं फेडलं, आता पुन्हा कर भरून शेजाऱ्याचं फेडायचं? चोख वागलेल्या माणसाचा हा राग कुठल्याही गावात, कुठल्याही कर्जमाफीच्या वेळी ऐकू येतो, आणि त्याला सहज उत्तर देता येत नाही. १२ एप्रिलला ३१ विरुद्ध २९ मतांनी प्रस्ताव पडला. उत्तरेकडचे काही सदस्य संघराज्य फुटेल असं उघड बोलू लागले.

त्याच सुमारास राजधानी कुठे असावी यावरही काँग्रेस अडून बसली होती. जूनच्या उत्तरार्धात परराष्ट्र सचिव थॉमस जेफरसननं हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांना न्यूयॉर्कच्या मेडन लेनवरच्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. त्या जेवणाची हकीकत मुख्यतः जेफरसननंच नंतर लिहिलेली आहे, त्यामुळे सगळा सौदा त्या एका टेबलावर ठरला असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंची बोलणी इतर ठिकाणीही चालू होती. पण देवाणघेवाण झाली हे नक्की. मॅडिसननं प्रस्तावाला मत दिलं नाही, पण विरोधाची धार कमी केली. व्हर्जिनियाचे रिचर्ड ब्लँड ली आणि अलेक्झांडर व्हाइट यांनी मत बदललं. दोघांचेही मतदारसंघ पोटोमॅक नदीच्या काठचे. व्हाइटला हे करताना अक्षरशः पोटात ढवळून आलं, असं जेफरसननं लिहिलं आहे. १६ जुलैला राजधानीच्या कायद्यावर सही झाली. दहा वर्षं फिलाडेल्फिया, मग पोटोमॅकच्या काठी. जुलै संपता संपता राज्यांच्या कर्जाचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात ३४ विरुद्ध २८ मतांनी मंजूर झाला.

रक्कम अमर्याद ठेवली नाही. एकूण २ कोटी १५ लाखांची कमाल, आणि प्रत्येक राज्याचा वाटा कायद्यातच लिहिलेला. मॅसॅच्युसेट्स ४० लाख, साउथ कॅरोलिना ४० लाख, व्हर्जिनिया ३५ लाख, आणि असं खाली उतरत डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड प्रत्येकी २ लाख. व्हर्जिनियाच्या पदरात काही कमी पडलं नव्हतं हे आकड्यांवरून दिसतं. शिवाय कुठल्या राज्यानं युद्धासाठी किती जास्त किंवा कमी खर्च केला याचा शेवटचा हिशेब करायला एक आयोग होता. त्याचं काम १७९३ मध्ये पुरं झालं. ज्यांचं येणं निघालं त्यांना केंद्रानं रोखे दिले. ज्यांच्याकडून येणं होतं त्यांनी बहुतांशी दिलंच नाही, आणि कुणी फार तगादाही लावला नाही.

शंभर डॉलरचं काय झालं

४ ऑगस्ट १७९० ला वॉशिंग्टननं मुख्य कायद्यावर सही केली. आता एक कागद हातात घेऊन त्याचा हिशेब करू. मुद्दल १०० डॉलर. त्याच्या बदल्यात दोन रोखे मिळत. दोन तृतीयांश रकमेचा, म्हणजे ६६ डॉलर ६७ सेंटचा रोखा, त्यावर सहा टक्के व्याज ताबडतोब सुरू. उरलेल्या ३३ डॉलर ३३ सेंटच्या रोख्यावरही सहा टक्केच, पण १८०१ पासून. म्हणजे पहिली दहा वर्षं शंभरावर वर्षाला चार डॉलर, मग सहा. थकलेल्या व्याजाच्या बदल्यात तिसरा रोखा, तीन टक्क्यांचा. आणि जुन्या कॉन्टिनेंटल नोटा? शंभर कागदी डॉलरना रोख्यातला एक डॉलर.

वीस डॉलरला कागद घेतलेल्याला वर्षाला चार डॉलर मिळू लागले, म्हणजे घातलेल्या पैशावर वीस टक्के. शिवाय रोख्याचा भाव चढला तो वेगळाच. १७९१ मध्ये सहा टक्क्यांचे रोखे दर्शनी किमतीपर्यंत गेले. पाच वर्षांपूर्वी रद्दीच्या भावानं जाणारं हेच कर्ज होतं.

परदेशी कर्जासाठी १ कोटी २० लाखांपर्यंत नवं कर्ज काढायची परवानगी दिली गेली. अॅमस्टरडॅमच्या सावकारांनी ते दिलं. फ्रान्सचं देणं त्यातून उतरत गेलं आणि १७९५ मध्ये जे उरलं तेही देशांतर्गत रोख्यांत बदललं गेलं. बँक ऑफ युनायटेड स्टेट्स फेब्रुवारी १७९१ मध्ये आली. तिच्यावरून घटनेच्या अर्थाचा जो वाद झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राज्यांच्या कर्जाचं व्याज भागवायला जकात पुरेना. म्हणून ३ मार्च १७९१ ला देशात गाळलेल्या दारूवर अबकारी कर बसला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातले शेतकरी मक्याची, राईची व्हिस्की गाळत, कारण धान्य डोंगर ओलांडून नेणं परवडत नसे आणि रोख पैसा नसलेल्या त्या मुलखात व्हिस्कीच चलनासारखी चाले. त्यांच्या दृष्टीनं हा कर पैशावरचाच कर होता. १७९४ मध्ये तिथे उठाव झाला आणि तो मोडायला वॉशिंग्टननं जवळपास तेरा हजारांची फौज धाडली. सरकारकडे आता एवढी फौज उभी करण्याची ताकद होती, कारण पत होती. पण त्या डोंगरांत राहणाऱ्यांत युद्धातले जुने सैनिकही होते. कागद आधीच विकून बसलेला माणूस आता, तोच कागद घेतलेल्याला व्याज मिळावं म्हणून, कर भरत होता.

युद्धानंतर मार्टिन ईशान्येकडच्या मेन या भागात जाऊन जमीन कसू लागला. जायबंदी न झालेल्या सैनिकांची काँग्रेसनं दखल घेतली ती १८१८ साली, म्हणजे सैन्य मोडल्यानंतर पस्तीस वर्षांनी. महिना आठ डॉलर पेन्शन, तीही आपण गरीब आहोत हे न्यायालयापुढे दाखवणाऱ्यालाच. मार्टिनला वर्षाचे ९६ डॉलर मंजूर झाले. त्यासाठी त्यानं आपली मालमत्ता शपथेवर लिहून दिली. अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर.